एक चढाई, सोळा पानं

तोक्योतल्या ज्या संध्याकाळच्या वर्गात मी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायला शिकले, तिथे बरेच आठवडे शाईची बाटली उघडायचीच नव्हती. झेरॉक्सचे साधे कागद, मऊ पेन्सिल आणि खोडरबर, एवढंच सामान. कागद मधोमध दुमडायचा, म्हणजे पुस्तकातली समोरासमोरची दोन पानं तयार होतात. त्यावर चौकटी आखायच्या आणि माणसांच्या जागी गोल आणि काड्या काढायच्या. या कच्च्या आराखड्याला तिकडे ‘नेम’ म्हणतात. संवाद, चौकटींची मांडणी, कोण कुठे उभं आहे, आपण त्याच्याकडे कुठून बघतोय, सगळं नेममध्ये ठरतं. मासिकाचे संपादक नेम वाचूनच होकार-नकार देतात. चित्र किती देखणं होणार हा प्रश्न त्यानंतरचा.

आमचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, तरुणपणी एका साप्ताहिकात काढणाऱ्या चित्रकाराकडे मदतनीस होते. इमारती काढायच्या, काळे भाग भरायचे, टोन, म्हणजे करड्या छटेसाठीचे ठिपक्यांचे छापील कागद, कापून चिकटवायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची कामं. त्यांचं एक म्हणणं मी सुरुवातीलाच वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रत्येक पानावर ते पटत गेलं: कोन हा लेखनाचा भाग आहे. माणूस अजून काडीचा असतो तेव्हाच वाचक त्याच्याकडे वरून बघणार की खालून, समोरून की पाठीमागून, हे ठरवून टाकावं लागतं. एकदा वाचकाला भलत्या जागी उभं केलं, की मग डोळे कितीही सुंदर काढा, केसांची एकेक बट रंगवा, तो त्या जागेवरून हलत नाही.

मी मूळची सांगलीकडची. सध्या तोक्योतल्या निशी-कासाईला राहते, जिथे स्टेशनबाहेर पडल्या पडल्या चार भारतीय भाषा कानावर येतात. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले, उजवा कोपरा सांभाळला. त्यामुळे सोळा पानांची एक गोष्ट काढायची ठरल्यावर मला विषय शोधत बसावं लागलं नाही. मुलींचा आंतरमहाविद्यालयीन सामना, त्यातली शेवटची चढाई. चढाईला येणारी आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेली, दोघी सख्ख्या बहिणी, धाकटी आणि थोरली, दोन वेगळ्या कॉलेजांच्या. नियमाप्रमाणे चढाई तीस सेकंदांची. ते तीस सेकंद सोळा पानांत बसवायचे. वर्गात खेळ समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. २०१०च्या ग्वांगझूच्या एशियाडमध्ये जपानच्या पुरुष संघानं कबड्डीचं कांस्यपदक मिळवलं होतं, हे त्यांच्यापैकीच एकानं मला सांगितलं.

नेमच्या दुसऱ्या पानावर मी सगळं मैदान उंचावरून दाखवलं. १२ मीटर लांबी, ८ मीटर रुंदी, मधली रेषा, निदान रेषा, दोन्ही कडांची राखीव क्षेत्रं आणि सात जणींची अर्धवर्तुळात पसरलेली फळी. अशा वरून पाहिलेल्या चित्राला ‘फुकान’ म्हणतात. त्यात माणसं लहान होतात, चेहऱ्यावरचे भाव जातात, कोणाबद्दल काही वाटतही नाही. पण कोण कुठे आहे ते एका नजरेत कळतं, आणि एकदा ते कळलं की पुढची पाच-सहा पानं नुसते पंजे, गुडघे आणि डोळे दाखवले तरी वाचकाची दिशा चुकत नाही. खेळांच्या आणि मारामारीच्या मांगांमध्ये हे असं एखादं वरून काढलेलं चित्र सुरुवातीला हमखास असतं. आधी मी ते भराभर उलटून पुढे जायची. आता तिथेच थांबते, कारण पुढच्या सगळ्या धाडसी चौकटींची मोकळीक त्या एका शांत चौकटीनं मिळवून दिलेली असते.

कोनाचं गणित मला उलगडलं ते क्षितिजाच्या रेषेतून. बघणाऱ्याचे डोळे ज्या उंचीवर असतात, त्याच उंचीवर चित्रात क्षितिज येतं. समजा मैदान सपाट आहे आणि आपण कमरेच्या उंचीवरून बघतोय. मग सारख्या उंचीची माणसं जवळ असोत की लांब, क्षितिजाची रेघ प्रत्येकाच्या कमरेतूनच जाणार. जवळची मुलगी चौकटभर मोठी आणि लांबची बोटभर, तरी रेघ दोघींच्या कमरेतून. हा नियम हाताला लागला की सात जणींची फळी काढायला मोजपट्टी लागत नाही. रेघ मारायची आणि एकेकीला तिच्यावर टांगत जायचं.

अडचण एवढीच की कबड्डीत ताठ कोणी उभं राहत नाही. सगळ्या वाकलेल्या, गुडघ्यात दुमडलेल्या, कोणी जास्त कोणी कमी. सेन्सेईंनी सुचवलेली पद्धत अशी: आधी सगळ्यांना त्या रेघेवर सरळ उभं करायचं, उंची नक्की करायची, मग प्रत्येकीला तिच्या जागेवरच वाकवायचं. नुसतं काड्यांनी करायचं काम, पण त्यानं पावलं जमिनीला घट्ट बसतात. पुढे मी रेघ कमरेवरून गुडघ्यापर्यंत खाली आणली तेव्हा चौकट एकदम बदलली. जवळच्या मुलीची मांडी आणि पोटरी अर्धी चौकट व्यापून बसली, आणि तिच्या गुडघ्याच्या पलीकडून लांबची चढाईपटू डोक्यापासून पायापर्यंत दिसायला लागली. तिचं डोकं क्षितिजाच्या खूप वर, थेट आभाळात. मैदान बाकी सगळं एका बारीक पट्टीत दबून गेलं.

हे खालून वर बघणं म्हणजे ‘आओरी’. चित्रकलेच्या बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत लिहिलेलं असतं की खालून काढलं की माणूस बलवान दिसतो, वरून काढलं की दुबळा. वर्गात हे कोणी म्हटलं की सेन्सेई एकच प्रश्न विचारायचे: “तिथे कोण बसलंय?” खालून बघायचं तर जमिनीलगत डोळे असलेलं कोणीतरी हवं. माझ्या गोष्टीत ते होतं. कोपऱ्यात बसकण मारलेल्या थोरलीचे डोळे धाकटीच्या मांडीच्या उंचीवर असतात. म्हणून धाकटी जेव्हा जेव्हा खालून दिसते तेव्हा आपण थोरलीच्या जागी बसलेले असतो, आणि मोठी दिसणारी धाकटी बलवान आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती थोरलीला तेवढी मोठी वाटतेय, इतकंच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हौशी चित्रकारांच्या पानांवर दर तिसरी चौकट पायाच्या अंगठ्यापासून काढलेली असते आणि तिथून बघणारं कोणीच नसतं. अशी पानं डोळ्यांना नुसता शीण देतात.

चेहऱ्याच्या बाबतीत मांगाची स्वतःची एक कटकट आहे. डोकं म्हणजे गोळा, त्यावर डोळ्यांची आडवी आणि नाकाची उभी रेघ. खालून बघितलं की आडवी रेघ कमानीसारखी वर वाकते, कान डोळ्यांच्या मानाने खाली सरकतात, हनुवटीखालचा भाग दिसायला लागतो. वरून बघितलं की नेमकं उलट: टाळू पसरते, कान वर चढतात, हनुवटी गळ्यात शिरते. पण मांगातलं नाक एका टिंबाएवढं आणि डोळे गालापर्यंत उतरलेले. नाकपुड्याच नसतील तर खालून बघतोय हे सांगणार कशानं? उत्तर जबड्यात आहे. जबड्याच्या खालची त्रिकोणी सपाटी थोड्या टोननं किंवा चार समांतर रेघांनी गडद केली की लगेच चेहरा वर जातो. त्याखेरीज मानेची पुढची रेघ लांबवायची आणि केसांचा पुढचा झुबका कपाळावरून उचलून काढायचा. एवढं केलं की नाकाची उणीव भासत नाही.

आता दिशेबद्दल, कारण हे मराठी वाचणाऱ्या माणसाला मुद्दाम शिकावं लागतं. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. नजर वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघून खालच्या डाव्या कोपऱ्यात पोचते. म्हणून डावीकडे धावणारं माणूस वाचकाच्या नजरेबरोबर धावतं, हलकं आणि वेगवान वाटतं. उजवीकडे येणारं माणूस नजरेच्या समोरून येतं, अडवतं, जड वाटतं. जपानी रंगभूमीवरही प्रेक्षकाच्या उजव्या हाताची बाजू वरची मानतात. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून उलटी सवय. माझा हात आपोआप प्रत्येक धावणाऱ्या मुलीला उजवीकडे पळवायचा.

तेव्हा नेमला सुरुवात करताना सगळ्यात आधी ठरवायचं होतं ते हे की दोघींपैकी कोणी कुठे असायचं. बराच विचार करून मी थोरलीला उजवीकडे ठेवलं, तोंड डावीकडे. धाकटी डावीकडून येते, म्हणजे वाचनाच्या विरुद्ध. पहिली आठ-नऊ पानं ती येत राहते आणि प्रत्येक चौकटीत वाचकाची नजर तिच्यावर आदळते. तिचा दम, तो अखंड “कबड्डी, कबड्डी”, उभ्या अक्षरांत तिच्या पुढे पुढे सरकत येतो. मग ती हात लावते आणि वळते. वळल्याबरोबर मधल्या रेषेकडची धाव डावीकडे सुरू होते, वाचनाच्या दिशेनं, आणि पानं एकदम सुटतात. मोठ्या तिरक्या चौकटी, कमी शब्द, वेगाच्या आडव्या रेघा. नजर तिच्याबरोबर पळत असतानाच मागून, उजवीकडून, थोरलीचा हात तिच्या घोट्यावर पडतो. पळणारी नजर आणि ओढणारा हात यांची दिशा एकमेकींच्या विरुद्ध, म्हणून ती पकड वाचणाऱ्याला जाणवते. हे सगळं काड्यांच्या नेममध्येच जाणवलं होतं. तोवर एकाही मुलीला चेहरा नव्हता.

याच्या जोडीला आणखी एक शिस्त लागते, ती सिनेमावाल्यांना चांगली माहीत आहे. दोघींना जोडणारी एक रेघ मनात धरायची आणि बघणाऱ्यानं त्या रेघेच्या एकाच बाजूला राहायचं. बाजू बदलली की डावीकडची उजवीकडे जाते आणि कोण कोणाकडे बघतंय ते समजेनासं होतं. मी बाजू एकदाही बदलली नाही. फक्त हात लागतो त्या चौकटीत त्या रेघेवर येऊन थांबले: धाकटीचा चेहरा थेट समोरून, डोळे सरळ वाचकात. बाजू न बदलण्याचा एक परिणाम असा झाला की थोरलीला डावा कोपरा द्यावा लागला. डावीकडे तोंड करून बसलेल्या मुलीचा डावा हात वाचकाच्या जवळ येतो, म्हणजे डावा कोपरा आपल्या बाजूला आणि उजवा पार पलीकडे. उजव्या कोपऱ्यात ठेवली असती तर सहा जणी तिच्या आड आल्या असत्या.

पोझ हा शब्द आपण फोटोपुरता वापरतो, त्यामुळे मी मनाशी ‘पवित्रा’ म्हणायचे. पवित्र्यात पहिली गोष्ट बघायची ती भार कुठे आहे. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडायचा. माणूस एका पायावर उभं असेल तर ओळंबा त्या घोट्याजवळ उतरतो. दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. ओळंबा पावलांच्या बाहेर गेला की माणूस पडतंय, झेपावतंय किंवा कोणीतरी त्याला धरलंय. चढाईपटू सारा वेळ या सीमेवर असते. हात लांबवताना ओळंबा पुढच्या पावलाच्या जेमतेम आत, बोटं टेकली की बाहेर, आणि मागचा पाय तिला परत ओढून आणायला ताणलेला. खांदे आणि कंबर यांचा उतारही बघायचा. भार ज्या पायावर, त्या बाजूची कंबर वर येते आणि साधारणपणे त्या बाजूचा खांदा खाली झुकतो. दोन्ही रेघा समांतर ठेवल्या की मुलगी लाकडी होते.

मग क्षण निवडायचा. एखाद्या हालचालीचा नेमका मधला क्षण मांगात क्वचितच काढतात. काढतात ते आधीचं आवळून धरलेलं अंग, किंवा सगळं होऊन गेल्यावरचं. मधलं काम दोन चौकटींच्या मधली पांढरी फट करते. घोट्याच्या पकडीसाठी मी दोन चौकटी ठेवल्या. पहिलीत थोरलीचा पंजा टाचेपासून दोन बोटांवर, बोटं पसरलेली, मनगट मागे, बसकण अजून जमिनीपासून वर. धाकटीच्या घोट्याला अजून काही कळलेलं नाही, तिची पोटरी धावेच्या ताणात. दुसरीत एकदम पुढचं: धाकटीचं अंग पुढे झुकलेलं, ओळंबा पावलाच्या हातभर पुढे, दोन्ही हात हवेत, अडकलेला पाय मागे सरळ, आणि थोरलीची बसकण जमिनीला टेकलेली, डोकं बाजूला वळवून खांदा तिच्या नडगीला लावलेला. डोकं बाजूला ठेवणं हे मैदानावर पहिल्या वर्षी शिकवतात, नाहीतर टाच तोंडावर बसते. चित्रातही ते जसंच्या तसं घेतलं. खेळलेल्या माणसाला पवित्रा खरा की खोटा ते अशा ठिकाणी कळतं.

शेवटची तपासणी म्हणजे आकृती आतून पूर्ण काळी भरून बघायची. नुसत्या सावलीवरून ती काय करतेय ते कळलं पाहिजे. पकडीच्या पहिल्या चौकटीत पंजा धाकटीच्या पायाच्या आत विरघळत होता, म्हणून बघण्याची जागा थोडी बाजूला सरकवून टाच आणि बोटं यांच्यामध्ये पांढरी जागा सोडली. दोन बोटांची ती जागा म्हणजेच त्या चौकटीतली सगळी उत्कंठा.

संदर्भासाठी मी इस्लामपूरला दादाला कामाला लावलं. तो मुलींच्या संघाला सरावाला मदत करतो. त्याच्या खेळाडू मुली हौसेनं पवित्रे करून दाखवायला तयार झाल्या.

“दादा, मोबाईल जमिनीला टेकव. आणि तिला सांग, हात तुझ्याकडे लांब कर.”

“अगं, धूळ जाईल ना त्यात.”

“पुसून घे नंतर. माझी सातवी चौकट अडलीय.”

आले ते फोटो फार उपयोगी होते आणि त्यांनी एक गोष्ट नीट शिकवली. वस्तू जितकी लांब तितकी त्या प्रमाणात लहान दिसते. हात मोबाईलपासून अर्ध्या मीटरवर आणि चेहरा दीड मीटरवर असेल, तर चेहऱ्याच्या मानाने हात तिप्पट मोठा दिसणार. फोटोत तसंच होतं: पंजा चेहऱ्याहून मोठा आणि मधला दंड जवळजवळ गायब. मांगाचे चित्रकार ही अतिशयोक्ती आवडीनं घेतात, पण नीट आखून. पंजा, मनगट, कोपर, खांदा हे एकापुढे एक ठेवलेले तुकडे समजायचे, पुढचा तुकडा मागच्याची कडा झाकतो. बाहीच्या कडेची वर्तुळं किती उघडी दिसतात त्यावरून हात किती सरळ आपल्याकडे येतोय ते कळतं. मी पंजा फोटोतल्यापेक्षाही थोडा मोठा घेतला आणि चेहरा बोटांच्या फटीतून दाखवला.

क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या संगणक-प्रणालीत त्रिमिती पुतळे मिळतात, त्यांना हवं तसं वाकवून कॅमेरा कुठेही नेता येतो, पर्स्पेक्टिव्ह कमी-जास्त करता येतं. कोन पडताळून बघायला ते मी भरपूर वापरले. पण पुतळ्याला वजन नसतं. त्याला कसंही उभं करा, तो पडत नाही, त्याची पोटरी ताणत नाही, पाऊल मातीत रुतत नाही. म्हणून कोन पुतळ्यावरून घ्यायचा आणि भार माणसावरून, असा मी माझा नियम केला.

त्याच काळात र्योगोकूच्या सुमिदा होकुसाई संग्रहालयात जाणं झालं. होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराच्या ‘मांगा’ नावाच्या रेखाटनवह्यांचा पहिला भाग १८१४ साली निघाला, पुढे एकूण पंधरा झाले. आजच्या मांगासारखी त्यात गोष्ट नाही, चौकटी नाहीत. पण कुस्तीगीर, नाचणारे, ओझी वाहणारे, अंघोळ करणारे, शेकड्यांनी माणसं आहेत आणि त्यातला एकही बघणाऱ्यासाठी उभा राहिलेला नाही. ज्याला त्याला आपापलं काम आहे आणि अंग त्या कामानं वाकलंय. पवित्र्यांची जाडजूड संदर्भपुस्तकं जपानी दुकानांत कपाटभर मिळतात. मला त्यांच्यापेक्षा ही दोनशे वर्षांपूर्वीची पानं जास्त शिकवून गेली.

जागेचा आणि कोनाचा हा सगळा विचार मांगात कुठून आला हे सांगताना जपानमध्ये हमखास मांगाकार ओसामू तेझुकांच्या १९४७च्या ‘शिन ताकाराजिमा’चं नाव निघतं. त्याच्या सुरुवातीच्या पानांवर मोटारीतून धावत जाणारा मुलगा आहे, आणि त्या काळच्या मुलांना कागदावर सिनेमा बघितल्यासारखं वाटलं होतं. मात्र मांगात दुसरी एक परंपराही आहे आणि ती मला तितकीच प्रिय आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीला माकोतो ताकाहाशी यांनी मुलींच्या मांगात डोक्यापासून पायापर्यंतची मोठी आकृती चौकटी ओलांडून उभी करायला सुरुवात केली. ती कुठे उभी आहे, कुठल्या उंचीवरून दिसतेय, याला तिथे अर्थच नाही. शेजारच्या चौकटींत गोष्ट चालू राहते आणि ही आकृती मनातलं काहीतरी घेऊन पानभर उभी असते. माझ्या पंधराव्या पानावर मी हेच केलं. धाकटी मधल्या रेषेच्या अलीकडे पडलेली, दम संपलेला, पंचांची शिट्टी झालेली. चौकटींच्या तिन्ही ओळी फोडून उठून उभी राहिलेली थोरली, क्षितिज नाही, मैदान नाही, पाठमोरी. चौदा पानं मैदानाशी प्रामाणिक राहिल्यावरच ते करता आलं.

शाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिंजुकूच्या सेकाइदो या चित्रसाहित्याच्या दुकानातून जी-पेनची, म्हणजे शाईत बुडवून काढायच्या टाकाची, टोकं आणि कागद आणले. मासिकासाठी बी४ कागदावर काढून छापताना लहान करतात. स्वतः छापायच्या अंकासाठी मी ए४चा कागद घेतला, त्यावर जेवढं काढाल तेवढंच छापून येतं, म्हणून रेघेची जाडी आधीपासून सांभाळावी लागते. जी-पेनवर दाब दिला की रेघ फुगते. जवळच्या मांडीला जाड, लांबच्या घोट्याला केसाएवढी; कोनानं जे अंतर ठरवलं तेच शाईनं पुन्हा सांगायचं. छापलेला अंक कोमितियात मांडला. तोक्यो बिग साइटला भरणारा हा मेळा १९८४पासून फक्त स्वतंत्र निर्मितीसाठी चालतो. लोक टेबलापाशी उभ्यानं नमुना अंक चाळतात. नवव्या पानावर, डाव्या पानाच्या अगदी खालच्या चौकटीत धाकटी वळायला लागते आणि पान उलटल्यावर पळते. तिथे चाळणाऱ्याचा हात वेग घेतो की नाही, हे मी दिवसभर बघत होते. बहुतेकांचा घेत होता.

घरच्यांना अर्थातच मराठीतून हवं होतं. वाटलं, संगणकावर सगळी पानं आरशासारखी उलटी करायची आणि संवादांच्या फुग्यांत मराठी भरायचं. उलटं करणं हे चित्रकारांचं नेहमीचं तपासणीचं साधन आहे, कारण हाताचा जो कल नेहमीच्या सवयीनं दिसत नाही तो उलट्या चित्रात उघडा पडतो. काही गोष्टी छान जुळल्या. थोरली डावीकडे गेली, आता मराठी वाचणारी नजर तिच्या बाजूनं निघते, आणि डाव्या कोपऱ्याची ती आपोआप उजव्या कोपऱ्याची झाली, जो माझा कोपरा. पण जर्सीवरचे आकडे उलटे झाले, ते पुन्हा लिहिले. आणि दादानं पहिल्याच दिवशी विचारलं, “ही धाकटी डावखुरी कधी झाली गं?” उजव्या हातानं लावलेला स्पर्श डाव्या हाताचा झाला होता. ती चौकट पुन्हा काढली.

खरं काम निघालं फुग्यांमुळे. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून फुगे उंच आणि अरुंद असतात, उभ्या माणसाच्या शेजारी सहज मावतात. मराठी वाक्य आडवं. “ताई, आज तरी सोड” एवढं लिहायलाही चौकटीची अर्धी रुंदी लागते. फुगा बाजूला मावला नाही की वर जातो, वर गेला की माणसाला खाली ढकलतो, आणि खाली ढकललेल्या माणसाकडे खालून बघता येत नाही, डोकं थेट फुग्यात घुसतं. तेव्हा बोलण्याच्या चौकटी मी पुन्हा नेमवर आणल्या, पुन्हा गोल आणि काड्या. सातव्या पानावर दोघी पहिल्यांदा एकमेकींशी बोलतात, तिथली आओरी काढून टाकली. आता तिथे थोरलीच्या खांद्यामागून, किंचित वरून दिसतं: वर लांब आडवा फुगा, खाली वाकलेली धाकटी, तिची सावली निदान रेषेवर. या कोनातून थोरली तिला लहान बहीण म्हणून बघते, जे जपानी अंकात अकराव्या पानापर्यंत होत नव्हतं. त्यामुळे आठ ते अकरा ही पानंही बदलावी लागणार आहेत. त्यांचा नेम कालच पूर्ण झाला, आणि दादाला तीन नवे फोटो मागितलेत, या वेळी माळवदावरून काढलेले.